बसवण्यापूर्वी खात्री करा

माझ्या हातून आयुष्यात फारसं काही बिघडलं नाही. याचं श्रेय मी बरीच वर्षं माझ्या सावधपणाला देत आलो. आता वाटतं, मी फारशा कशाला हातच लावला नाही, एवढाच त्याचा अर्थ असावा. अर्थात हेही मी खात्रीने सांगत नाही.

तीस वर्षं मी हायस्कुलात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला आमच्या वालूरला ग्रंथपाल म्हणत नाहीत, गुरुजीच म्हणतात. मी कुणाला काही शिकवलेलं नाही हे सांगण्याचं धैर्य मला कधी झालं नाही, म्हणून मी अजून गुरुजीच आहे.

गोष्ट ब्याण्णव सालची. माझी मुलगी सुमन सासरहून कायमची परत आली, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मराठी टायपिंगची परीक्षा तिने दिली, मग सहा महिने रोज पहाटेची गाडी धरून परभणीला कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि शेवटी सेलूच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधला जुना कॉम्प्युटर प्रिंटरसकट घरी आला. आमच्या पुढच्या खोलीत, जिथे माझी आरामखुर्ची होती, तिथे टेबल आलं. खुर्ची आत गेली. तिच्याबरोबर मीही आत गेलो.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी आळीतल्या बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या कडूबाईंनी नारळ फोडला आणि पाणी शिंपडायला निघाल्या, तेव्हा सुमनने त्यांचा हात धरला. "का गं? देवाला चालतंय अन ह्याला चालत न्हाई?" कडूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचं या यंत्राबद्दलचं मत वाईट झालं ते झालंच.

अडचण एकच होती. यंत्राला इंग्रजीच येत होतं आणि वालूरला इंग्रजीत छापून घेण्यासारखं काही नव्हतं. काम मराठीचंच होतं आणि तेही दारात येऊन उभं होतं. गावच्या शेतकरी सोसायटीचे सचिव सिताराम यांनी सांगितलं होतं, "सुमनताई, निवडणुकीची सभासद यादी हाय. अकराशे नावं. सोमवारपर्यंत छापून देत असाल तर तुमाला देतो, न्हाईतर परभणीला धाडतो. आन ही नीट झाली तर आजूबाजूच्या सोसायट्यांच्याबी याद्या तुमच्याकडंच."

दुसऱ्या बाजूला पुण्याहून माझ्या थोरल्याचं, चंद्रभानचं, कार्ड आलं होतं. 'दुकानाचं काही जमत नसेल तर सुमनला इकडे पाठवा. सूनबाईंची नोकरी आहे, मुलांकडे पाहायला घरचं माणूस बरं.' कार्ड उघडं असल्यामुळे ते माझ्याआधी पोस्टमास्तरांनी वाचलं होतं आणि त्यांच्याकडून गावाने. सुमनने ते कार्ड खणात ठेवून दिलं. पण यादी झाली तर दुकान, नाही झाली तर पुण्यात भावाच्या घरी बिनपगारी मोलकरीण, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मराठी अक्षरांच्या दोन फ्लॉप्या पुण्याच्या एका कंपनीकडून टपालाने आल्या. पाकीट मी फोडलं. फ्लॉपी म्हणजे काळी चौकोनी पातळ वस्तू, कागदी खोळीत घातलेली. मला कोणतीही नवी वस्तू उघडी पाहवत नाही. मी दोन्ही खोळींना खाकी कव्हर घातलं, वर लेबल चिकटवलं, त्यावर नाव आणि तारीख लिहिली. मग पाकिटातली सोळा पानांची इंग्रजी पुस्तिका घेऊन बसलो. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका वाचणारा वालूरमध्ये मी एकटाच असेन. बाकीचे यंत्र आधी चालू करतात आणि ते बंद पडलं की पुस्तिका शोधतात.

तिसऱ्या पानावर चौकटीत मजकूर होता. त्याचा अर्थ असा की, बसवण्यापूर्वी आपल्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती तीन पूर्णांक तीन किंवा त्यापुढची असल्याची खात्री करावी. नसल्यास यंत्रातल्या तबकडीवरची माहिती नष्ट होऊ शकते व त्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. त्यातलं 'जबाबदार राहणार नाही' मला फार खरं वाटलं. कुणीच राहत नाही. मी दोन्ही फ्लॉप्या माझ्या पुस्तकांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं.

"अण्णा, फ्लॉप्या आल्या ना?" सुमनने त्या संध्याकाळी विचारलं.

"आल्यात. पण थांब. आधी खात्री करावी लागते. पाहतो मी."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा किल्ली मागितली. मी म्हणालो, "पाहतोय ना." ती काही तरी सांगणार होती, पण मी पुस्तिकेत डोकं घातलेलं पाहून स्वयंपाकघरात गेली. मग राणीसावरगावला मावशीकडे ओटीभरण होतं म्हणून ती दोन दिवसांसाठी गेली. शुक्रवारी रात्री येणार होती. मला वाटलं, ती यायच्या आत आपण खात्री करून ठेवू. तिच्यासाठी एवढं तरी.

आता आवृत्ती कुठे लिहिलेली असते? पुस्तकाची आवृत्ती पान उलटल्यावर मागे असते. मी यंत्राच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं, बॅटरी लावून फटीत पाहिलं. एक मेलेली पाल दिसली.

शेजारचे दत्तराव आले. येलदरीच्या वीजघरात त्यांनी पंचवीस वर्षं काढली आहेत आणि जगातले सगळे प्रश्न व्होल्टेजचे असतात असं त्यांचं मत आहे. त्यांच्या सूनबाईंचं आणि सासूचं पटत नव्हतं तेव्हाही ते 'लोड बॅलन्स न्हाई' असंच म्हणाले होते.

"काय शोधायलाव गुरुजी?"

"ऑपरेटिंग सिस्टीम."

"आँ? ऑपरेटर तर मी होतो की पंचवीस वर्सं! मला इचारा." त्यांनी चष्मा लावून चौकट वाचली. "तीन पॉइंट तीन... हे व्होल्टेज असंल. न्हाई, लय कमी व्हतंय. मग हे अँपिअर."

"आवृत्ती म्हटलंय, दत्तराव."

"ते वरवर म्हणतेत. आतून समदं अँपिअरच असतंय."

कडूबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "गुरुजी, म्हशीचं पुस्तक वाचून म्हस दूध देत्ये का? बसा की धार काढायला! त्या पोरीला सोमवारी यादी द्यायची हाय, आन तुमी वाचत बसलाव."

"चुकीचं बसलं तर सगळं पुसून जाईल, कडूबाई."

"काय हाय त्यात पुसायला?"

 पुसून जाण्याजोगं काय आहे हे माहीत नसणं, हेच मला जास्त धोक्याचं वाटलं.

त्यातच बातमी आली की शनिवारी परभणी बंद आहे. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद आणि मोर्चे इतके होत की लोक लग्नाची तारीख काढतानाही दोन दिवस पुढेमागे धरून ठेवत. म्हणजे जायचं तर शुक्रवारीच. सुमन जिथे शिकली तो क्लास स्टेशनजवळ आहे, एवढं मला ठाऊक होतं. तिथल्या मास्तरांना दाखवून आणू, असं ठरलं.

यंत्राची अक्षरं ज्या पडद्यावर दिसतात, त्याच्यातच ती आवृत्ती असणार. यात मला त्या वेळी शंका आली नाही. आयुष्यात प्रत्येक गोष्टीत शंका घेतली आणि नेमकी इथेच घेतली नाही. पडदा एका चपट्या, रुंद पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला होता. घरात देव चौरंगावर असतात, तसा हा बैठकीवर, अशी माझी समजूत. दत्तरावांनी मागची वायर ओढली. ती येईना, तेव्हा त्यांनी पाय भिंतीला लावून ओढली. ती आली. आम्ही पडदा गोधडीत गुंडाळला आणि परभणीच्या बसमध्ये चढलो. गोधडी माझ्या मांडीवर होती आणि तिचं वजन अंदाजे एखाद्या बोकडाइतकं होतं. हे मी अंदाजाने म्हणत नाही, शेजारीच भिवराबाई बोकड घेऊन बसल्या होत्या.

कंडक्टरने गोधडीकडे बोट दाखवलं. "आत काय हाय?"

"संगणकाचा पडदा."

"टीव्ही हाय का?"

"नाही. टीव्हीसारखा आहे. पण टीव्ही नव्हे."

कंडक्टरने खिशातून सामानाच्या दरांची यादी काढली. तिच्यात टीव्ही होता, शिलाई यंत्र होतं, हार्मोनियम होतं, सायकल होती. संगणक नव्हता. "टीव्ही लिवतो," तो म्हणाला.

"पण तो टीव्ही नाही ना," मी म्हणालो. माझ्या नावावर खोटा कागद फाटू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. बस उभी होती. मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, टीव्ही म्हणा की एकदाचं! कोर्टात जायचंय मला!"

दत्तराव म्हणाले, "हार्मोनियम लिवा. आवाज करतंय ते चालू झाल्यावर."

भिवराबाई म्हणाल्या, "माझ्या बोकडाचं तिकीट झटकन फाडलं मेल्यानं. ह्यांच्या गोधडीला मातर इचार करायलाय."

शेवटी कंडक्टरने 'शिलाई यंत्र, एक नग' असं लिहिलं. त्यात निदान 'यंत्र' हा शब्द होता, म्हणून मी गप्प बसलो. पण वाटेतल्या झरी गावापर्यंत मला स्वस्थता नव्हती. उद्या कुणी तपासलं आणि शिलाई यंत्र दाखवा म्हटलं तर?

क्लासचे मास्तर तरुण होते. रंगनाथ नाव. बाहेर चपला काढा म्हणाले, गार खोलीत नेलं आणि आम्ही गोधडी सोडली तेव्हा वाकून पडद्याच्या मागे पाहू लागले.

"पेटी कुठं आहे?"

"कसली पेटी?"

"ह्याच्याखाली असते ती. पत्र्याची."

"ती घरी आहे," मी म्हणालो. "ती तर बैठक आहे."

 रंगनाथ मास्तरांनी खिडकीतून बाहेर रस्त्याकडे पाहिलं. हसू येत असलेल्या माणसाने वडीलधाऱ्यांसमोर जे जे करायचं असतं ते सगळं त्यांनी केलं. मग हळू म्हणाले, "काका, सगळं त्या पेटीतच असतं. हा नुसता दाखवतो."

"मी म्हणलं होतं न्हवं गुरुजी, बैठकीसगट उचला?" दत्तराव म्हणाले. ते असं म्हणाले नव्हते.

मी येण्याचं कारण सांगितलं. चौकट दाखवली. रंगनाथ मास्तरांनी ती वाचली. "आवृत्ती पाहायची ना? तीन अक्षरं दाबायची असतात. अर्ध्या मिनिटाचं काम. पण तुम्ही वालूरचे म्हणता... सुमन मॅडम तुमच्या कोण?"

"मुलगी."

"अहो, मग त्यांनाच विचारायचं! आमच्या बॅचमध्ये पहिल्या आल्या त्या. हे मलाही कधी कधी त्याच समजावून द्यायच्या."

दत्तरावांनी माझ्याकडे पाहिलं. "पहिली आली म्हणून तुमी सांगितलं न्हाई गुरुजी?"

मला माहीत नव्हतं. सुमनने पेढे आणले होते एवढं आठवलं. मी एक खाल्ला होता. कशाचे, ते विचारलं नव्हतं. प्रसादाचे असावेत असं वाटलं होतं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर दुसरा होता. त्याने काही न विचारता टीव्ही लिहिलं. मी हरकत घेतली नाही.

घरी आलो तेव्हा पुढच्या खोलीत दिवा होता. सुमन मावशीकडून गंगाखेडमार्गे दुपारच्याच गाडीने आली होती. ती टेबलासमोर, त्या पत्र्याच्या पेटीकडे बघत बसली होती. कडूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणत होत्या, "चोरी न्हाई गं बाई, बापानं नेलाय. गोधडीत घालून."

दत्तरावांनी गोधडी टेबलावर ठेवली आणि त्यांना अचानक जेवणाची आठवण झाली. कडूबाईंनाही झाली. आम्ही दोघंच उरलो.

सुमनने वायरचं टोक दिव्याजवळ नेलं. त्यातल्या दोन बारीक पिना वाकल्या होत्या. तिने केसातला आकडा काढला आणि एकेक पिन सरळ करू लागली.

"तीन पूर्णांक दोन आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आवृत्ती. यंत्र आलं त्याच दिवशी पाहिली मी. कंपनीच्या माहितीपत्रकात तीन-तीन लागते म्हणलं होतं, आपली तीन-दोन हाय. म्हणून फ्लॉप्या मागवायच्या आधीच कंपनीला पत्र टाकलं. उत्तरबी आलंय." तिने खणातून आंतरदेशीय पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं: 'तीन-दोनवर ही फ्लॉपी आमच्याकडे चालली आहे. छपाईला वेळ जास्त लागतो. मात्र आपल्या यंत्रावर चालेल अशी खात्री आम्ही देऊ शकत नाही.'

"मग पुसून गेलं तर?"

"आत जिनिंगचा जुना हिशेब हाय, तो कुणाला पायजे? सिस्टीमची फ्लॉपी यंत्राबरोबरच आली होती. गेलंच तर पुन्हा घालता येतंय. परवा हेच सांगायला आले होते तुमच्याकडं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का, अण्णा?"

ती रागावली नव्हती. पिनेकडे बघतच बोलत होती. "तुम्ही दत्तरावकाकांना विचारलं. परभणीला जाऊन विचारलं. मी रोज ह्याच्यासमोर बसायले, मला नाही विचारलं. लग्नाच्या येळेलाबी तसंच. जोशीबुवांना विचारलं, एकतीस गुण जमले म्हणाले. त्यांच्या गावच्या पाटलांना विचारलं. हेडमास्तरांकडून चिठ्ठी मागवली मुलाच्या चालचलणुकीची. तुमच्याएवढी चौकशी कुणी केली नसंल. फकस्त मी राहिले."

मी आरामखुर्ची शोधली. ती आत होती. मी उंबऱ्यावर बसलो.

सुमनची आई लग्नाच्या वेळी हयात नव्हती. ती असती तर तिने विचारलं असतं, असं मी मनात म्हणून पाहिलं. पण बायकोच्या मरणामागे लपायचं म्हटलं तरी ते फार वेळ जमत नाही. मला त्या वेळी एवढंच वाटलं होतं की चूक होऊ नये. चूक जिच्या आयुष्यात होणार, तिचा त्यात काही शब्द असेल, हे माझ्या कोणत्याच यादीत नव्हतं. मी पत्र्याच्या पेटीला बैठक समजलो, हे आता गावभर होणार होतं. त्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती.

शेवटी मी विचारलं, "मग तुझं काय म्हणणं आहे?"

हे वाक्य साधं आहे. पण मला ते बोलायला घसा खाकरावा लागला.

"बसवायचं म्हणणं हाय," ती म्हणाली. "आत्ता. सोमवारला मधले दोनच दिवस राहिलेत."

मी कमरेची किल्ली काढून दिली. कपाट तिने उघडलं. फ्लॉप्यांची खाकी कव्हरं पाहून ती थांबली, लेबलावरचं माझं वळणदार अक्षर वाचलं, आणि त्या चार वर्षांत पहिल्यांदाच मी तिला खदखदून हसताना ऐकलं. "डांबराच्या गोळ्या, अण्णा? कसर लागते का ह्यांना?"

"खात्री नव्हती," मी म्हणालो.

तिने पडदा पेटीवर चढवला, वायर जोडली आणि फ्लॉपी फटीत घातली. यंत्र घरघरलं. पडद्यावर एक इंग्रजी प्रश्न आला. मला तो वाचता आला: आपल्या आवृत्तीची खात्री नाही, पुढे जायचं का? हो किंवा नाही दाबा. मी उंबऱ्यावरून उठलो. जन्मभर अशा प्रश्नापाशी येऊन मी थांबलो आहे. सुमनने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. तिने बटण दाबलं.

यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. भिंतीपलीकडे दत्तराव खोकले. म्हणजे ते जेवत नव्हते. मग पडदा काळा झाला, इतका वेळ काळा राहिला की मी देवाचं नाव घेतलं. मग उजेड आला. सुमनने यादीतला पहिला कागद पुढे ओढला आणि टाइप केलं. जाड, थोडी ओबडधोबड अक्षरं उमटली: 'ग्यानबा सटवाजी, रा. वालूर.' वालूरमध्ये छापखाना नाही. आमच्या गावातल्या माणसाचं नाव आमच्याच गावात छापील अक्षरांत उमटताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

छपाईला खरंच वेळ लागला. एका पानाला सात मिनिटं. शनिवार, रविवार तो प्रिंटर करवतीसारखा ओरडत होता. कडूबाई दोनदा चहा देऊन गेल्या आणि दोन्ही वेळा यंत्राला नाही, सुमनला दिला हे ठासून सांगून गेल्या. मी कागद फाडून जुळवायचं काम मागितलं. ते मला मिळालं. सोमवारी दुपारी सिताराम यादी घेऊन गेले आणि जाताना दुसऱ्या सोसायटीचं नाव सांगून गेले.

संध्याकाळी सुमनने चंद्रभानला उत्तर टाइप केलं. घरची पत्रं आजवर मीच लिहीत आलो. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिने कागद बाहेर काढला, घडी घातली, पाकिटात घातला आणि चिकटवला.

"पोस्टात टाकता का, अण्णा?"

मी पाकीट घेऊन पोस्टात गेलो. पोस्टमास्तर बन्सीधर यांनी ते उलटसुलट केलं. पाकीट बंद होतं, त्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

"काय ठरलं मग गुरुजी? जायल्यात का सुमनताई पुण्याला?"

"मी वाचलेलं नाही," मी म्हणालो. "दुकान उघडं आहे. तिलाच जाऊन विचारा."